वजीर रामोसेची कबर: काम अर्ध्यावर आणि राजा बदलला

पार्श्वभूमी

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव बदलून लिहायची पद्धत असते, पण इथला माणूस जाऊन 3,300 वर्षांहून जास्त काळ झालाय आणि त्याने स्वतःच आपलं नाव भिंतीभर कोरून घेतलंय, मग आपण लपवून काय करणार. रामोसे. इजिप्तच्या अठराव्या राजवंशातला वजीर. आधी तिसऱ्या आमेनहोतेपचा, मग त्याच्या मुलाचा म्हणजे चौथ्या आमेनहोतेपचा, ज्याने पुढे स्वतःचं नाव अखेनातेन करून घेतलं आणि सगळ्या देशाची घडीच विस्कटली. काळ साधारण इसवी सन पूर्व 1350 च्या आसपासचा.

वजीर म्हणजे नुसता दरबारी मानकरी नव्हे. मुख्य सचिव, सरन्यायाधीश आणि महसूल खात्याचा वरिष्ठ, हे तिन्ही एकाच खुर्चीत बसवले की जे होईल ते. तेव्हा इजिप्तमध्ये असे दोन वजीर असायचे, उत्तरेचा मेम्फिसला आणि दक्षिणेचा थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला. रामोसे दक्षिणेचा, शिवाय थीब्जचा नगरप्रमुखही तोच. त्याच्या आधी काही दशकं रेखमिरे नावाचा वजीर होऊन गेला, त्याच्या कबरीच्या भिंतीवर नवीन वजिराला राजाने केलेला उपदेश लिहून ठेवलाय, त्यात राजा सरळ सांगतो की वजीरपद गोड नसतं, पित्तासारखं कडू असतं. रामोसेला ही ओळ पाठ असणारच, आणि शेवटी त्याला तिचा अर्थ नीटच कळला असावा.

घराणं तालेवार. वडील हेबी मेम्फिसचे नगरप्रमुख. भाऊ आमेनहोतेप हाही मेम्फिसला राजाच्या मालमत्तेचा मोठा कारभारी. बायको मेरितप्ताह. म्हणजे हा कुठून तरी वर आलेला माणूस नाही, घरात सत्तेची ऊठबस आधीपासूनची. तिसऱ्या आमेनहोतेपने राज्याच्या तिसाव्या वर्षी मोठा सेद उत्सव केला (राजाची ताकद नव्याने सिद्ध करायचा सोहळा, पुढे 34 आणि 37 व्या वर्षी परत झाला), तेव्हा रामोसे पदावर होता. नूबियातल्या म्हणजे आजच्या सुदानच्या उत्तर भागातल्या सोलेबच्या मंदिरात त्या उत्सवाची दृश्यं आहेत त्यात तो दिसतो.

अशा माणसाची कबर साधी असून चालत नाही. त्या काळात मोठा अधिकारी पदावर स्थिरावला की कबरीचं काम काढायचाच, मरणाची वाट बघत बसायचा नाही, कारण काम वर्षानुवर्षं चालायचं. जागा निवडली नाईलच्या पश्चिमेला, आज जिला शेख अब्द अल-कुर्ना म्हणतात त्या टेकडीच्या पायथ्याशी. पुरातत्त्ववाल्यांनी थीब्जच्या खासगी कबरींना जे नंबर दिलेत त्यात ही 55 वी.

आराखडा बघितला तरी माणसाची हौस कळते. समोर अंगण, मग खडकात कोरलेला मोठा दिवाणखाना, त्यात 32 खांब, आठ-आठच्या चार रांगा, खांबांचा आकार पपायरसच्या जुडीसारखा. त्याच्या मागे आणखी एक आठ खांबांची खोली. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून खाली उतरत वळत जाणारा बोगदा, दफनाच्या खोलीपर्यंत. हे दोन भाग नीट वेगळे समजून घेतले पाहिजेत, नाहीतर पुढचं प्रकरण कळणार नाही. खालची खोली मेलेल्यासाठी, ती एकदा बंद झाली की बंद. वरचा दिवाणखाना जिवंत माणसांसाठी. तिथे घरचे लोक येणार, नैवेद्य दाखवणार, नाव घेणार, जाणारे-येणारे आत डोकावून भिंती बघणार. नाव घेणारं कोणी उरलं नाही तर मेलेला माणूस खऱ्या अर्थाने संपला अशी त्यांची समजूत, त्यामुळे वरच्या भिंतींवरचा खर्च म्हणजे चैन नव्हती.

इथे खडकाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुर्न्याच्या टेकडीत वरच्या बाजूला खडक बराच ठिकाणी ठिसूळ आणि भेगाळलेला आहे, म्हणून तिथल्या अनेक कबरींमध्ये भिंतीला मातीचा आणि वर चुन्याचा गिलावा देऊन त्यावर रंगवून काम भागवलंय. रामोसेला खाली चांगला, बारीक पोताचा चुनखडी दगड मिळाला. म्हणजे कोरीव काम शक्य. कोरीव काम म्हणजे वेळ. आधी भिंत गुळगुळीत करायची, खड्डे भरायचे, लाल रेषांनी चौकोनांची जाळी मारायची, त्यात आकृतीचं स्केच, मग जाणत्या माणसाने काळ्या शाईने दुरुस्ती करायची, मग तांब्या-कांशाच्या छिन्नीने आजूबाजूचा दगड उतरवून आकृती उठावात आणायची, आणि सगळ्यात शेवटी रंग. एवढ्या मोठ्या दालनाला किती हात आणि किती वर्षं लागतील याचा अंदाज वजिरासारख्या माणसाला नसेल असं नाही, पण समोर राजा भक्कम होता, तिजोरी भरलेली होती, घाई कशाला.

पूर्वेकडच्या भिंतीवर त्या निवांत दिवसांतलं काम आहे आणि माझ्या मते इजिप्तच्या सगळ्या खासगी कबरींत यापेक्षा सुंदर कोरीव काम नाही. मेजवानीला बसलेले पाहुणे, जोडप्याजोडप्याने. भाऊ आमेनहोतेप आणि त्याची बायको माय. तिच्या केसांच्या टोपाची एकेक वेणी वेगळी कोरलीय, त्यावर फुलांची पट्टी, आणि उठाव इतका कमी की उजेड समोरून पडला तर अर्धी भिंत सपाटच वाटते, बाजूने आला की मगच सगळं वर येतं. रंग दिलेलाच नाही. फक्त डोळे. फिकट दगडाच्या चेहऱ्यांत काळ्या रेषेने काढलेले तेवढे डोळे. आज बघणाऱ्याला वाटतं की वा, काय संयम आहे, पण बाकीचा रंग द्यायचा राहून गेला असणं जास्त शक्य आहे.

अडचण

तिसरा आमेनहोतेप गेला. मुलगा गादीवर आला आणि सुरुवातीला तरी सगळं जुन्यासारखंच दिसत होतं. पण त्याने थीब्जमधल्या कर्नाकला, म्हणजे तिथल्या मुख्य देवाच्या, आमुनच्या, अगदी अंगणात, आतेनसाठी म्हणजे सूर्याच्या तबकडीसाठी मंदिरं काढली. ती लवकर उभी राहावीत म्हणून मोठे दगड सोडून एका माणसाला उचलता येतील असे साधारण 52 सेंटिमीटर लांब आणि 26 सेंटिमीटर रुंद ठोकळे वापरायला घेतले, आज त्यांना तलातात म्हणतात आणि ते हजारोंनी सापडलेत. तेवढे ठोकळे कोरायला माणसं लागणार, आणि चांगले मूर्तिकार काय आभाळातून पडत नाहीत, थीब्जमध्ये जे होते तेच. तेव्हा नदीच्या या बाजूला खासगी कामांवर हातांची टंचाई झाली नसेल तरच नवल.

त्यात राजाची चित्रं काढायची रीतच बदलली. लांब चेहरा, लोंबती हनुवटी, सुटलेलं पोट, रुंद मांड्या. नुसती शैली बदलली असंही नाही, मोजमापच बदललं. जुन्या पद्धतीत उभा माणूस तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकोनांत बसवायचे, नवीन पद्धतीत 20 चौकोन झाले, जास्तीचे दोन धड-मान-चेहऱ्याकडे गेले आणि पाय त्यामानाने तोकडे पडले. लहानपणापासून अठराच्या जाळीवर हात बसलेल्या चित्रकाराला एकदम वीसवर जा म्हणायचं, हे बोलायला सोपं आहे.

पण खरं पाणी मुरत होतं ते दुसरीकडे, आणि याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रामोसेने जागा निवडली तीच मुळी आमुनच्या हिशोबाने. दरवर्षी आमुनची मूर्ती कर्नाकहून होडीत बसून नदी ओलांडून पश्चिमेला यायची, खोऱ्याचा सुंदर उत्सव म्हणायचे त्याला. त्या वेळी घराघरातले लोक आपापल्या पूर्वजांच्या कबरींत जमायचे, फुलं, खाणंपिणं, गाणं, रात्रभर मुक्काम. टेकडीच्या पायथ्याची जागा, मोठं अंगण, 32 खांबांचा हॉल, भिंतीवर मेजवानी, हे सगळं त्या एका दिवसाच्या गर्दीसाठी केलेलं. आता राजाच म्हणायला लागला की आमुन नको. आमुन नाही तर मिरवणूक नाही, मिरवणूक नाही तर या टेकडीवर गर्दी कशाला येईल.

राज्याच्या पाचव्या वर्षी राजाने नाव बदललं आणि नदीने साधारण 400 किलोमीटर उत्तरेला, कोऱ्या वाळवंटात अखेतातेन म्हणजे आजचं अमार्ना वसवायला घेतलं. रामोसेच्या कबरीत तेव्हा परिस्थिती अशी की एक भिंत जवळपास झालेली, बाकीच्या अर्धवट किंवा कोऱ्या, आतली खोली नुसती खोदलेली. आणि मालक थीब्जचा नगरप्रमुख, ज्या गावातून राजा निघून चाललाय त्या गावाचा.

पर्याय

रामोसेने काय विचार केला याचे कागद कुठे नाहीत. पुढचे पर्याय मी भिंतींवरून आणि त्याच्याच बरोबरीच्या लोकांनी जे केलं त्यावरून मांडतोय.

पहिला पर्याय, काही झालंच नाही असं समजून जुन्याच पद्धतीने काम पुरं करायचं. कारागिरांना सवयीचं, घरच्यांना आवडणारं. पण वजिराच्या कबरीत राजाचं चित्र लागतंच, कारण वजिराची सगळी किंमत राजाने दिलेली, आणि राजाचं चित्र राजाला नको त्या पद्धतीने काढून ठेवायचं म्हणजे साप पाळण्यासारखं.

दुसरा, जुनं झाकून टाकायचं. गिलावा मारायचा किंवा पुन्हा कोरायचं, सगळी कबर एकरंगी नवीन करायची. हे करून राजनिष्ठा दाखवता आली असती. खर्च मात्र दुप्पट, हात कमी, आणि पूर्वेकडच्या भिंतीवर भाऊ-भावजय बसलेत त्यांच्यावर चुना फासायचा.

तिसरा, जुनं आहे ते राहू द्यायचं आणि कोऱ्या जागेत नवीन घालायचं.

चौथा, इथलं सोडून नवीन राजधानीत नवी कबर. हे काहींनी केलंच. पारेन्नेफर नावाचा राजाचा खासगी सेवक, लहानपणापासून जवळचा, त्याची थीब्जला एक कबर आहे (नंबर 188) आणि अमार्नाला दुसरी, तिथला नंबर 7. राजा निघाला तसा हाही बाडबिस्तरा घेऊन निघाला. पण तो राजाचा घरचा माणूस, त्याला जागा मिळणार हे ठरलेलं. नगरप्रमुखाचं तसं नसतं, त्याने गाव सोडलं तर पद कशाचं उरलं.

आणि एक पाचवा, जो पर्यायापेक्षा तडजोड जास्त आहे, की कोरायचं सोडून रंगवायचं. चांगल्या दगडावर रंगकाम म्हणजे तेव्हाच्या मापाने कमीपणाच, पण निदान भिंत भरते.

काय केलं

त्याने तिसरा आणि पाचवा एकत्र केला. पश्चिमेची भिंत म्हणजे आत शिरल्यावर समोर दिसणारी, मधे आतल्या खोलीचं दार. दाराच्या डावीकडे राजा छत्राखाली सिंहासनावर बसलाय, सोबत न्यायाची आणि सुव्यवस्थेची देवी मात. सडपातळ, तरुण, बांधेसूद राजा, त्याच्या बापाचं चित्रही असंच काढलं असतं. समोर रामोसे फुलांचे गुच्छ घेऊन. ही सगळी जुनी रीत.

दाराच्या उजवीकडे तोच राजा. पण आता तो महालाच्या खिडकीत उभा आहे, शेजारी राणी नेफरतीती, वर आतेनची तबकडी, तिचे किरण खाली येतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला छोटा हात. लांब हनुवटी, सुटलेलं पोट, सगळं नवीन फॅशनप्रमाणे. खाली रामोसे सोन्याच्या हारांनी मढलेला, आजूबाजूचे दरबारी कमरेत इतके वाकलेत की पाठी आडव्या झाल्यात. खासगी कबरीत या नव्या शैलीचं जे अगदी सुरुवातीचं काम उरलंय त्यात याची गणना होते. दोन चित्रांमधलं अंतर एका दाराएवढं. मला विचाराल तर सगळ्या इजिप्तमध्ये राजकारण कुठे बदललं हे बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा हीच.

या उजव्या बाजूला जवळून बघितलं की काम कुठे थांबलं तेही कळतं. खिडकीजवळचा भाग कोरलेला आहे. पुढे सरकावं तसं कोरीव काम विरळ होत जातं आणि मग नुसती काळी शाई उरते. परदेशी शिष्टमंडळं, नूबियाचे, आशियाचे, लिबियाचे लोक, प्रत्येकाची दाढी, केस, कपडे वेगळे, सगळं हातासरशी ओढलेल्या रेषांत. चित्रकार तयारीचा आहे, रेष कुठे अडखळत नाही. छिन्नीवाला मात्र आलाच नाही.

दक्षिणेच्या भिंतीवर रंगकाम. अंत्ययात्रा. वरच्या-खालच्या रांगांत माणसं सामान घेऊन चाललीत, पलंग, खुर्ची, पेट्या, चपला, बरण्या, परलोकात बिऱ्हाड मांडायला जे जे लागेल ते. घसरगाडीवर गुंडाळून ठेवलेली तेकेनू नावाची एक गूढ आकृती ओढत नेतायत. आणि मधे रडणाऱ्या बायकांचा घोळका, जो तुम्ही इजिप्तवरच्या कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिला असणार. फिक्या निळसर-पांढऱ्या रंगाचे कपडे, सगळे हात वर, काही डोक्यावर माती टाकतायत, गालांवरून अश्रूंच्या रेषा ओघळतायत, एकमेकींच्या अंगावर अंगं गेल्यामुळे कुठला हात कुणाचा हे शोधावं लागतं. मधेच एक लहान मुलगी, तीही हात वर करून मोठ्यांचं बघून रडणारी. कोरलेल्या भिंतीत जे आलं नसतं ते या घाईच्या भिंतीत आलंय, चित्रकाराचा मनगटाचा वेग दिसतो त्यात. रंगवायचा निर्णय वेळेअभावी झाला असं बहुतेक जाणकार धरतात आणि ते पटण्यासारखं आहे. घाईत झालेलं काम दरवेळी कमी प्रतीचं निघतं असं नाही हे कबूल करायला हवं.

काय झालं

काम तिथेच थांबलं. आतली आठ खांबांची खोली सजवायचा प्रश्नच आला नाही. राजा अमार्नाला गेला आणि त्यानंतर वजीर रामोसे नोंदींतून गायब. अमार्नाला एका रामोसेचं घर सापडलंय, पण तो सेनापती, वेगळा माणूस, नाव त्या काळात फार चलनातलं होतं. अमार्नातला वजीर म्हणून आपल्याला भेटतो तो नख्तपातेन, आणि त्याची तिथली 12 नंबरची कबर तर जेमतेम सुरू होऊन राहिली.

नंतर दोन वेळा हातोडे चालले. आधी आतेनवाल्यांनी आमुनचं नाव जिथे सापडेल तिथे खरवडलं. अखेनातेन गेल्यावर वारं फिरलं, तूतानखामुनच्या वेळी जुने देव परत आले, अमार्ना ओस पडलं, पुढे होरेमहेब नावाच्या राजाने कर्नाकची ती आतेन मंदिरं पाडून त्यांचे ठोकळे स्वतःच्या भव्य दरवाजांच्या पोटात भराव म्हणून घातले, आणि या कबरीतल्या उजव्या भिंतीवरच्या खिडकीतल्या राजा-राणीच्या आकृत्याही छिन्नीने फोडल्या गेल्या. म्हणजे रामोसेने जी दोन्ही बाजूंची सोय करून ठेवली होती तिच्यातलं डावीकडचं एका पक्षाने छाटलं आणि उजवीकडचं दुसऱ्याने.

मग छतही कोसळलं, खांब गेले, दालन ढिगाऱ्याने भरलं. एकोणिसाव्या शतकात कबर उजेडात आली, 1920 च्या दशकात रॉबर्ट माँड यांच्या पैशाने आणि देखरेखीखाली नीट साफ झाली, आणि नॉर्मन दे गॅरिस डेव्हिस यांनी तिची सगळी चित्रं उतरवून 1941 मध्ये ग्रंथ काढला, आजही अभ्यासक तोच उघडतात. आज आत उभे दिसतात ते बहुतेक खांब पुन्हा उभारलेले आहेत आणि वरचं छतही नवीन, हे गाइड सांगेलच असं नाही. लक्सरच्या टूरवर जाणाऱ्या आपल्या लोकांना राजांची दरी आणि हातशेप्सुतचं मंदिर दाखवून बस वळवतात, त्यामुळे कुर्न्याला वेळ मागून घ्यावा लागतो.

एक विचित्र गोष्ट अशी झाली की ढिगाऱ्यानेच भिंती वाचवल्या. उघड्या राहिलेल्या कितीतरी कबरींत पुढच्या काळात माणसं राहिली, चुली पेटल्या, चित्रांवर काजळी चढली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णायक टप्पा जागा आणि आकार ठरवतानाचा. 32 खांबांच्या दालनाऐवजी शेजारच्या कबरींसारखं आडवं छोटं दालन घेतलं असतं तर पहिल्या राजाच्या हयातीतच पुरं झालं असतं. हे म्हणणं बरोबर आहे पण आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून सोपं वाटतं. तिसऱ्या आमेनहोतेपच्या शेवटच्या वर्षांत सगळेच मोठं बांधत होते. त्याच राजाची राणी तीये, तिचा कारभारी खेरुएफ, त्याची कबर (नंबर 192) थीब्जच्या खासगी कबरींत सगळ्यात मोठ्यांपैकी, सेद उत्सवाची अप्रतिम दृश्यं, तीही अपुरी, आणि त्याच्या तर स्वतःच्या आकृत्याच कोणीतरी शोधून शोधून छिन्नीने उडवल्या. म्हणजे एकट्या रामोसेचा अंदाज चुकला असं नाही, त्या सगळ्या पिढीचा हिशोब एकाच राजाच्या आयुष्यावर बांधलेला होता.

दुसरा टप्पा कामाच्या क्रमाचा, आणि इथे मात्र माझा आक्षेप आहे. त्याने सगळ्या भिंती थोड्या थोड्या पुढे नेल्या. एक भिंत पूर्ण करून रंग देऊन मोकळं व्हायचं आणि मग पुढची धरायची, असं केलं असतं तर काम कधीही थांबलं तरी हातात काहीतरी पुरं राहिलं असतं. पूर्वेची मेजवानी सुद्धा डोळ्यांवर येऊन थांबलीय, एवढं करून शेवटचा हात राहावा याला काय म्हणायचं. अर्थात कारागिरांच्या बाजूने बघितलं तर जाळी मारणारे, स्केचवाले, छिन्नीवाले, रंगवाले अशा टोळ्या एकामागून एक पुढे सरकायच्या, सगळे एकाच भिंतीवर उभे केले तर निम्मे बसून राहणार. तरीपण वजिराने हुकूम सोडला असता तर त्या मानाने सोपं होतं ते.

तुलनेसाठी त्याच दोन राजांचा दुसरा वजीर बघा. आपेरेल, मेम्फिसजवळच्या सक्कारा या दफनभूमीत, तिथल्या बुबास्तेइऑन नावाच्या भागातल्या कड्यात. आलँ झिव्ही यांच्या फ्रेंच टीमला 1980 च्या दशकात त्याच्या कबरीत खोल, मजल्यांवर मजले खाली गेलेली दफनाची खोली मिळाली. चोर आधी येऊन गेले होते, तरी आपेरेल, बायको आणि मुलगा हुय यांचे अवशेष आणि बरंच सामान तिथेच होतं. वरची सजावट आजच्या पर्यटकाला रामोसेसारखी खिळवून ठेवणारी नाही. पण त्यांच्याच हिशोबाने, खाली शरीर आणि वर नाव या दोन गोष्टी लागतात, तर आपेरेलचं काम निदान झालं. मेम्फिस राजकारणाच्या वादळापासून जरा लांब होतं हेही आहेच, त्या बाबतीत रामोसेच्या हातात काही नव्हतं. त्याचे वडील मेम्फिसचे, भाऊ मेम्फिसचा, कबर तिकडे काढली असती तर, असा विचार मनात येतोच, पण थीब्जच्या नगरप्रमुखाने कबर परगावी काढायची म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं.

तिसरा टप्पा जुनं ठेवून नवीन घालायचा. त्याला तळ्यात-मळ्यात म्हणून नावं ठेवणारे आहेत. मला तो निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो. डावीकडची भिंत पुसली असती तर राजाला खूष करायला एक कारण मिळालं असतं पण कारागिरांचा एक अख्खा हंगाम वाया गेला असता, आणि उजवीकडे नवीन घातलंच नसतं तर खिडकीतल्या राजाकडून सोन्याचे हार घेतानाचं दृश्य, जे त्याच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं मानाचं दृश्य होतं, भिंतीवर आलंच नसतं. फक्त एक करायला हवं होतं. तो उजवीकडचा भाग कोरायला न घेता दक्षिणेच्या भिंतीसारखा सरळ रंगवून टाकायचा. खिडकीपाशी कोरीव कामात जेवढे दिवस गेले असतील तेवढ्यात रंगाने परदेशी शिष्टमंडळांपर्यंत सगळी भिंत भरून झाली असती. राजाच्या चित्राला रंगकाम पुरत नाही, दगडातच हवं, असा मान सांभाळला असेल. वजिराचा स्वभाव म्हणून ते समजू शकतं.

आणि चौथा, स्थलांतराचा. पारेन्नेफर गेला, त्याचं भलं झालं का? अमार्नाला कबर मिळाली खरी, पण पुढच्या वीस वर्षांच्या आत ते शहरच ओस पडलं. मोठ्या अधिकाऱ्यांच्या तिथल्या कबरी बहुतेक अपुऱ्या, अगदी आयची सुद्धा, जो पुढे स्वतः राजा झाला आणि राजांच्या दरीच्या पश्चिमेकडच्या फाट्यात पुरला गेला. तेव्हा रामोसेने थीब्ज सोडलं नाही ही चूक धरता येत नाही. खोऱ्याचा उत्सव पुढे पुन्हा सुरू झाला, आमुनची होडी पुन्हा नदी ओलांडून या बाजूला यायला लागली, शेजारच्या कबरींत पुन्हा दिवे लागले. जागा त्याने बरोबरच निवडली होती, आणखी वीस वर्षं मिळाली असती तर तीच जागा परत सोन्याच्या भावाची झाली असती.